दर सातवं दार

देवाचा प्रश्न आला की अक्का पेन थांबवायच्या आणि एकदा खोलीभर नजर फिरवायच्या. कोपऱ्यातली खाट, स्वयंपाकघराचा पडदा, पडद्याखालून दिसणारी पावलं. मग फॉर्मच्या डाव्या समासात बारीक अक्षरात लिहायच्या, ‘सासू’. किंवा ‘नवरा, दारात’. किंवा ‘कोणी नाही’. त्यानंतरच विचारायच्या, “तुमच्या आयुष्यात देवाला किती जागा? एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळी. आकडा सांगा, गोष्ट नको.”

गोष्ट लोक सांगायचेच. अक्का ती ऐकायच्या, कानडीत ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणायच्या, आणि शेवटी पुन्हा विचारायच्या, “मग किती?”

समासात काही लिहू नये असा आमच्याकडे नियम होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणं माझं काम होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. बसवनगुडीत एका जुन्या घराच्या माडीवर तीन खोल्यांत आमची पाहणीसंस्था होती. परदेशातल्या एका विद्यापीठाचं काम आम्हाला मिळालं होतं. कोणत्या देशातली माणसं देवाला किती मानतात, आणि सगळीकडे सारखंच का मानत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. प्रश्न सगळ्या देशांत तेच. आमच्या वाट्याला बंगळूर आणि आसपासची काही खेडी आली होती. दारोदार जाऊन फॉर्म भरणाऱ्या सात जणी होत्या, त्यांत अक्का सर्वांत मोठ्या. मी नागपूरहून नवा आलेला, टेबलाशी बसून फॉर्म तपासणारा. पुस्तकं वाचून माणसं कळतात असं वाटण्याचं माझं वय होतं.

पहिल्याच आठवड्यात मी अक्कांच्या चाळीस फॉर्मांवर लाल शेरा मारून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या जिना चढून आल्या, गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि टेबलावर अशी थाप मारली की शाईची दौत उडाली.

“कोण रे तू?”

“मी नवीन आहे. नागपूरहून...”

“नागपूर, ऐक. सासू समोर बसलेली असताना सुनेनं दहा सांगितलं. ते दहा कुणाचं?”

“सुनेचं.”

“अय्यो! इतकं शिकलास आणि हे समजत नाही? ते सासूचं. आकडा माणसाचा नसतो रे, खोलीचा असतो.”

त्या दिवसापासून माझं नाव नागपूर पडलं. समासातल्या नोंदी मी पुन्हा कधी खोडल्या नाहीत.

अक्कांचं मराठी ऐकून आधी मला हसू यायचं. “स्वल्प थांब, येते की” असं त्या म्हणायच्या. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. मी एकदा त्यांच्या बोलण्याला हसलो तेव्हा म्हणाल्या, “आमचे लोक घोड्यावरून आले, तू रेल्वेतून आलास. मागून आलेल्यानं हसायचं नसतं.” लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्या, भावाच्या घरी राहत होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या. हात मात्र फार सैल. शाळेतली सवय असेल. त्या बोलता बोलता मारायच्या. पाठीत धपाटा, डोक्यात टपली, आणि खरंच राग आला तर सणसणीत थोबाडीत.

अशी एक मी ऐकलेली सांगतो. एका घरी अक्का एका बाईला प्रश्न विचारत होत्या. बाईचा ओठ फुटलेला, रक्त पुरतं वाळलंही नव्हतं. नवरा बाजूला उभा राहून तिची उत्तरं देत होता. देवाचा प्रश्न आला. नवरा म्हणाला, “तिचे दहा लिहा.”

“मी तिला विचारते आहे.”

“ती आणि मी काय वेगळे आहोत?”

अक्कांनी पेन फॉर्मवर ठेवलं, उठल्या आणि त्याला एक ठेवून दिली. “आता सांग,” म्हणाल्या, “तिला लागलं का?”

तक्रार ऑफिसात आली. आमच्या संचालकांनी अक्कांकडून माफीचं पत्र लिहून घेतलं. अक्कांनी वळणदार अक्षरात ते लिहिलं, सही केली, आणि डाव्या समासात बारीक लिहिलं, ‘संचालक, समोर’.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या हाताखाली काम करावंसं वाटतं, पण शेजारी राहावंसं वाटत नाही.

त्याच सुमाराला परदेशी विद्यापीठातले एक प्राध्यापक पाहणी करायला आले. उंच, शांत, थंड देशातले. दुपारी चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला त्यांचं म्हणणं समजावलं. माणसाला भूक, आजार, मारहाण, म्हातारपण यांची भीती जितकी जास्त, तितका त्याला देव जास्त लागतो. सरकारनं ही भीती कमी केली की देव हळूहळू मागे सरतो. त्यांच्या देशात तसं झालं होतं. त्यांच्या गावातलं चर्च आता रविवारीही निम्मं रिकामं असतं, असं ते म्हणाले. मला ते म्हणणं फार पटलं. मी वहीत लिहून घेतलं.

अक्कांनी इंग्रजीत विचारलं, “तुमच्या देशात फॉर्म भरताना खोलीत आणखी कोण असतं?”

प्राध्यापक हसले. “बहुतेक कोणी नसतं. पुष्कळ लोक एकटेच राहतात.”

“आणि दार वाजलं तर कोण आलं असं वाटतं?”

“पोस्टमन?”

अक्का माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “बघ नागपूर. दारात पोस्टमन आणि घरात कोणी नाही. अशा माणसाला खरं बोलायला काय जातं?”

मग त्यांनी प्राध्यापकांना एका वस्तीतल्या दोन कामगारांची हकिगत सांगितली. दोघंही एकाच कारखान्यात पत्रा दाबायच्या एकाच यंत्रावर काम करायचे. एकाची तीन बोटं त्या यंत्रात गेली. सहा महिन्यांनी त्याच यंत्रात दुसऱ्याची दोन गेली. तीन बोटं गेलेल्यानं ‘एक’ सांगितलं. म्हणाला, मी यंत्र सुरू करण्यापूर्वी रोज हात जोडायचो, तेच हात यंत्रानं खाल्ले. दोन बोटं गेलेला ‘दहा’ म्हणाला. कारण त्याची तीन उरली होती. “यंत्र एक, भीती एक,” अक्का म्हणाल्या. “तुमच्या हिशेबात दोघं कुठे बसतात?” प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. एकेक माणूस असा वेगळा निघतो, म्हणाले, हजारांची सरासरी काढली की चित्र स्पष्ट होतं. अक्का म्हणाल्या, “सरी.” त्यांच्या ‘सरी’त पटल्याची खूण नव्हती.

आता मी केलेल्या गोष्टीकडे यायला हवं. इथवर मी रमतगमत आलो, कारण पुढे जायचं जिवावर येतं.

पाहणीची पद्धत अशी असते. आधी गल्लीतल्या सगळ्या घरांना ओळीनं नंबर द्यायचे आणि ते दाराच्या चौकटीवर लिहायचे. मग दर सातवं घर निवडायचं आणि फक्त तिथं फॉर्म भरायचा. मनानं घर निवडायचं नाही. चांगलं दिसतं म्हणून किंवा ओळखीचं आहे म्हणून तर नाहीच. नंबर आम्ही खडूनं लिहायचो. सर्जापूर रोडला तेव्हा नाचणीची शेतं होती. तिथल्या एका खेड्यात पावसाच्या एका सरीनं दोन दिवसांचे नंबर धुऊन नेले. संचालक चिडले आणि त्यांनी तांबड्या ऑइलपेंटचे डबे आणवले. पुढे पुन्हा त्याच घरी जाऊन उत्तरं पडताळायची असायची, आणि नव्वद नंबरांतून आपलं घर शोधायला बायकांना वेळ लागायचा. तेव्हा मी सुचवलं की निवडलेल्या घराच्या नंबराभोवती वर्तुळ काढावं.

अक्का तेवढं ऐकून थांबल्या. “दारावर खूण? लोकांना आवडत नाही.”

“खूण कसली अक्का, साधं शून्य आहे.”

“कागदावर शून्य असतं रे. दारावर ती खूणच.” पण काढली त्यांनी. तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढलेला हात; एका फटक्यात, कुठे न तुटता.

मार्केटच्या मागे एक लांब अरुंद गल्ली होती. दोन धर्मांची घरं तिथं एकमेकांत मिसळलेली, भिंतीला भिंत लावून. अक्कांनी तिथं एक्याण्णव घरांना नंबर दिले. पाचापासून सुरुवात करून दर सातवं घर: पाच, बारा, एकोणीस, सव्वीस, तेहेतीस. अशी तेरा वर्तुळं झाली.

तेहेतीस नंबरात एक शिंपी आणि त्याची बायको राहायची. त्यांचा धर्म मी इथं सांगत नाही, आणि ती कोणत्या भाषेत बोलली तेही नाही. सांगितलं की वाचणारा लगेच बाजू शोधायला लागतो. तो रकाना मी पुष्कळ वर्षं भरला, आता भरणार नाही. अक्का फॉर्म भरायला गेल्या तेव्हा शिंपी बाहेर गेला होता. बायकोनं हळूच सांगितलं, “तीन.” मग शिंपी आला, शिवणयंत्रावर बसला, आणि बाई म्हणाली, “दहा लिहा.” अक्कांनी समासात लिहिलं: ‘३, कोणी नाही. १०, नवरा आला.’ मी विचारलं, यातला कॉम्प्युटरमध्ये कोणता घालू? “दोन्ही घाल,” म्हणाल्या. कॉम्प्युटर एकच घेत होता. मी दहा घातला.

मग शहरात दंगल झाली. कशावरून ते लिहीत नाही; त्या दशकात निमित्तं पुष्कळ होती आणि दगड तेच असायचे. संचारबंदी लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास ती उठवली, भाजीपाला घेण्यासाठी. मी ऑफिसजवळच खोली घेऊन राहत होतो, म्हणून कागदपत्रं नीट आहेत का ते बघायला माडीवर गेलो. पाठोपाठ अक्का आल्या, धापा टाकत.

“नागपूर, ती वर्तुळं.”

“काय झालं?”

त्यांच्या भावाच्या दुकानातला माणूस त्याच गल्लीत राहत होता. त्यानं सांगितलं होतं की गल्लीत सगळे म्हणताहेत, जाळायची घरं आधीच खुणा करून ठेवली आहेत. या धर्माचे लोक म्हणत होते आमची घरं निवडली, आणि त्या धर्माचेही तेच म्हणत होते. वर्तुळं दोघांच्या दारांवर होती. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या दाराकडे बघत नाही.

“कुणी आलंच आज संध्याकाळी,” अक्का म्हणाल्या, “तर त्यालाही ती दिसणार. आयती यादी. पुसून टाकायला हवीत.”

“ऑइलपेंट आहे अक्का, पाण्यानं जाणार नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी, ज्याला पुस्तकातलं सगळं माहीत होतं, तो म्हणालो, “रॉकेलनं जाईल.”

चहाच्या स्टोव्हसाठी ऑफिसात रॉकेलची बाटली असायची. अक्कांनी ती घेतली, एक जुना टॉवेल फाडला. मी घरयादी घेतली. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दीड तास उरला होता. अक्का म्हणाल्या, “तू इथंच थांब आणि नंबर वाच. नव्वद दारं बघत बसायला वेळ नाही. तू ओरड, मी पुसते.”

आम्हा दोघांनाही त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं. घरयादी वाचणं हे आमचं रोजचं काम होतं.

मी ओरडलो, “पाच!” अक्कांनी चिंधी भिजवली, चौकटीवर चोळली. तांबडा रंग ओघळला. “बारा!” माझा आवाज भीतीनं चढला होता आणि रिकाम्या गल्लीत घुमत होता. “एकोणीस!” खिडक्या किलकिल्या व्हायला लागल्या. “सव्वीस!” एका म्हाताऱ्यानं खिडकीतून विचारलं, “काय करतेस?” अक्का म्हणाल्या, “रंग काढते अण्णा, घाबरू नका.” वासाकडे माझं तोपर्यंत लक्षच गेलं नव्हतं. आता गेलं. सगळ्या गल्लीत रॉकेलचा वास भरला होता.

जरा तिथून बघा, त्या खिडक्यांच्या आतून. तीन दिवस घरात कोंडलेले. दारावर खूण. आणि एक परका माणूस गल्लीच्या तोंडाशी कागद धरून तुमच्या घराचा नंबर मोठ्यानं वाचतो आहे, आणि एक बाई रॉकेलची बाटली घेऊन त्या त्या दाराशी जाते आहे.

“तेहेतीस!” मी ओरडलो.

अक्कांनी चिंधी लावली, अर्धं वर्तुळ पुसलं, आणि दार आतून उघडलं. शिंप्याच्या बायकोच्या हातात खलाचा लोखंडी बत्ता होता. तिनं तो अक्कांच्या उजव्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला, की मी तो नंतर मनानं घातला, हे आता सांगता येत नाही. बाटली उंबऱ्यावर फुटली. कोणीतरी किंचाळलं, “रॉकेल! पेटवायला आलेत!” मग दारं उघडली, दोन्ही बाजूंची. बत्ता अक्कांच्या डोक्यात बसला. त्या खाली बसल्या आणि वरून लाथा, काठ्या, एक स्टूल. “मी रंग काढते, मी रंग काढते,” असं त्या म्हणत होत्या, मग ते थांबलं. त्या दिवशी साऱ्या शहरात त्या दोन धर्मांची माणसं एकत्र येऊन काही करत असतील, तर ती या गल्लीत अक्कांना मारत होती.

मी मदत आणायला धावलो, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी नुसता धावलो. रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती, ती समोर आली म्हणून मदत झाली.

त्याच दिवशी, संचारबंदी पुन्हा लागायच्या आत, बाहेरची टोळी गल्लीत शिरली. दोन घरं जळली. एक तेहेतीस, एक एक्केचाळीस. एक्केचाळीसवर वर्तुळ नव्हतं. बाकी आठ वर्तुळं जशीच्या तशी होती आणि त्या घरांना काही झालं नाही. म्हणजे वर्तुळांमुळे घरं जळली असं सिद्ध होत नाही. हे मी अनेकदा मांडून पाहिलं आहे, आणि दर वेळी तेहेतीसच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो. तिथं आमचंच रॉकेल सांडलेलं होतं.

सरकारी इस्पितळात अक्कांना चौथ्या दिवशी नीट शुद्ध आली. डोक्याला टाके, मनगट प्लास्टरमध्ये. भावजय उशाशी बसली होती. अक्कांनी मला ओळखलं, पण नागपूर म्हणाल्या नाहीत.

“कोणतं जळलं?”

मी खाटेजवळचा पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.

“तेहेतीस?”

मी मान हलवली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भावजय मला म्हणाली, “तुम्ही जा बरं आता.”

संचालकांनी त्या गल्लीचे तेराही फॉर्म बाजूला काढले. परिस्थिती सामान्य नव्हती, असा शेरा लिहिला. दंगल होण्याआधी भरलेले फॉर्म होते ते, पण वाद घालायची माझी हिंमत नव्हती. पुढे अहवाल छापून आला. त्यात देशांची ओळ आहे, वर आपण, खाली थंड देश, आणि भीतीचा सिद्धान्त नीट मांडलेला आहे. मी तो पूर्ण वाचला. लबाडी त्यात कुठेच नाही. फक्त समास कोरे आहेत.

अक्का आणखी सात आठवडे जगल्या. डोक्यात आत कुठेतरी रक्त साकळलं होतं; एका सकाळी आंघोळीला गेल्या, तिथंच पडल्या त्या उठल्या नाहीत. त्यांच्या भावानं मला निरोप पाठवला नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. त्याआधीच्या एका दुपारबद्दल मात्र लिहायला हवं.

इस्पितळातून घरी आल्यावर पंधरा दिवसांनी अक्का एकट्याच रिक्षा करून ऑफिसात आल्या. जिना चढल्या नाहीत, खालून हाक मारली. “नागपूर, चल.” कुठे ते विचारावं लागलं नाही.

तेहेतीस नंबरावर नवा पत्रा टाकला होता. भिंती आतून बाहेरून काळ्या. दाराला चौकटच उरली नव्हती, गोणपाट लावलं होतं. शिंपी बाहेर बसला होता, दोन्ही तळहातांना पट्ट्या. यंत्र बाहेर काढायला तो आत शिरला होता आणि लोखंड तापलेलं होतं. बाजूला ते यंत्र पडलं होतं, काळं, वाकलेलं.

त्यानं आम्हाला ओळखलं. उठला नाही. “फॉर्म आणलाय?”

“नाही,” अक्का म्हणाल्या.

“आणायचा होता. आमच्या घराचा मागचा आकडा खोडायचा होता मला. शून्य आहे का तुमच्यात?”

“एकापासून सुरू होतं.”

“मग ज्यानं तो फॉर्म केला, त्याचं घर कधी जळालेलं नाही.”

आतून त्याची बायको गोणपाट सारून बाहेर आली आणि अक्कांना बघून तिथंच उभी राहिली.

अक्का तिला म्हणाल्या, “तंगी, वर्तुळ माझं होतं. रॉकेल पण माझंच.” तंगी म्हणजे धाकटी बहीण, अक्का कोणाही तरुण बाईला तसं म्हणायच्या.

दोन्ही माझी होती. मी शेजारी उभा होतो, आणि मी बोललो नाही.

बाई अक्कांच्या प्लास्टरकडे बघत होती. म्हणाली, “बत्ता माझा होता.”

गल्लीत कोणीतरी पाण्याचा हंडा घासत होतं. मग शिंपी बायकोकडे मानेनं दाखवून कडवट हसला. “हिला विचारा आकडा. पहिलं कधी धड हात जोडायची नाही. आता सकाळ संध्याकाळ देवाचं नाव. घर जळलं ते पुरेसं नव्हतं.”

“तुम्ही सोडलंत ना,” बाई त्याला म्हणाली. आवाज चढवून नाही. “दोघांनीही सोडलं तर घरात धरायचं कुणी?”

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. खोली, भीती, सासू, पोस्टमन, यांतलं काही त्यांच्या तोंडात येईल असं मला वाटलं. आलं नाही. शाळेत एखादं पोर फळ्यावर आपल्याला न सुचलेल्या रीतीनं गणित सोडवतं, तेव्हा मास्तरीण जशी थांबेल, तशा त्या थांबल्या होत्या.

“हे केस कुणी विंचरले तुमचे?” बाईनं विचारलं.

“भावजयीनं. मला एका हातानं येत नाही.”

“हे विंचरणं झालं? बसा.”

अक्का बसल्या, उंबरा होता त्या काळ्या दगडावर. बाई आतून फणी घेऊन आली, मागे गुडघ्यांवर बसली. अंबाडा सोडला, गुंता हातानं मोकळा केला, खालून वर फणी चालवली. अक्का डोळे मिटून होत्या. इतक्या मोठ्या अंगाची बाई, पण मान पोरीसारखी मागे दिलेली. फणी वर गेली आणि टाक्यांच्या वणाला लागली. अक्कांचा खांदा थरथरला. बाईचा हात थांबला. तिनं बोटानं तो वण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचपला, किती लांब आहे ते बघितलं.

मग फणी दुसऱ्या हातात घेतली आणि भांग दुसऱ्या बाजूनं पाडला.